खेळाला गुण किती?

बेळगावच्या खासबागेत शिरले की काही गल्ल्यांतून यंत्रमागांची खटखट अजूनही कानी पडते. शहापूर, वडगाव आणि खासबाग ही विणकरांची जुनी वस्ती. माग आणि संसार एकाच छपराखाली नांदत असताना येथे पिढ्यान् पिढ्या वाढल्या. अशाच घरांत आता मोबाइल आला, संगणक आला आणि क्वचित् कोठे दूरचित्रवाणीच्या संचाला जोडावयाचे खेळाचे यंत्रही आले. दहावीची परीक्षा संपलेला मुलगा वडिलांपाशी एखाद्या नव्या व्हिडिओ गेमसाठी हट्ट धरतो. मोठ्या खेळाची किंमत आज चार-पाच हजार रुपयांच्या घरात असते. वडील का-कू करू लागले की मुलगा आपला हुकमी पुरावा पुढे करतो, "बाबा, ह्या खेळाला शंभरांपैकी त्र्याण्णव गुण पडले आहेत!" वडील मागावरची नजर न काढता विचारतात, "कुणी दिले रे?" ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर मुलापाशी नसते.

प्रश्न मात्र मोठ्या मोलाचा आहे. खेळांना हे गुण देतो कोण, ते कितपत विश्वासार्ह असतात आणि त्यांच्यामुळे खरोखरीच काही फरक पडतो काय, ह्यांचा विचार चार-पाच हजार रुपये खर्च करणाऱ्या प्रत्येक घराने करावा असाच आहे.

मुळात आकडे दोन जातींचे असतात. एक मोजणीचा आणि दुसरा मताचा. साडीची लांबी मोजता येते. ती पाच वार आहे की सहा वार, ह्याविषयी दोघांत वाद होण्याचे कारण नाही. परंतु त्या साडीचा रंग किती खुलला आहे हे कोणत्याही पट्टीने मोजता येत नाही. आनंदवाडीच्या आखाड्यात मातीवरली कुस्ती चितपट झाली, की निकाल साऱ्या प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. शाळेतील निबंधाचे तसे नसते. एकाच निबंधाला एक शिक्षक दहांपैकी सात गुण देतो आणि दुसरा पाच. दोघेही प्रामाणिक असतात. एकाने विचार पाहिलेला असतो आणि दुसऱ्याने शुद्धलेखन. खेळाला मिळणारा गुण हा निबंधाच्या गुणासारखा आहे. तो आकड्याचा वेष घेऊन येतो म्हणून मोजणीसारखा वाटतो, इतकेच. वस्तुतः ते एका माणसाचे मत असते.

हे मत आकड्यात सांगण्याच्या रीतीही निरनिराळ्या आहेत. जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या 'फामित्सू' ह्या नियतकालिकात चार परीक्षक प्रत्येकी दहांपैकी गुण देतात आणि त्यांची बेरीज चाळिसांपैकी छापली जाते. पूर्ण चाळीस गुण तेथे पहिल्यांदा पडले ते १९९८ साली, 'द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम' ह्या खेळाला. कोणी पाच तारे देतो, कोणी दहांपैकी दशांशासह गुण देतो, तर कोणी थेट शंभरांपैकी. चौघांची नावे आणि चौघांची मते समोर असली, म्हणजे त्या बेरजेमागील माणसे निदान दिसतात. पुढे मात्र ही माणसे दिसेनाशी होत गेली.

२००१ साली 'मेटाक्रिटिक' नावाचे अमेरिकन संकेतस्थळ सुरू झाले. जगभरातील परीक्षणे गोळा करावयाची, प्रत्येकाचे गुण शंभरांच्या मापात बसवावयाचे आणि त्यांची सरासरी काढून एकच आकडा प्रसिद्ध करावयाचा, हे त्याचे काम. खासबागेतील मुलाने सांगितलेला 'त्र्याण्णव' हा बहुधा ह्याच वाटेने आलेला असतो. सोय मोठी आहे हे खरे; पण तिच्यातील अडचण सीमाभागातील लोकांना चटकन उमजेल. निपाणीचा मुलगा कर्नाटकाची दहावीची परीक्षा देतो. तिचे एकूण गुण ६२५, आणि त्यांत प्रथम भाषेला एकटीला १२५. तेथून हाकेच्या अंतरावर कागलचा मुलगा महाराष्ट्राची परीक्षा देतो. तेथील हिशेब ५०० गुणांचा. दोघेही कोल्हापूरच्या एकाच महाविद्यालयात प्रवेश मागू लागले की दोघांच्या गुणांची टक्केवारी काढली जाते. ती काढावीच लागते. परंतु अभ्यासक्रम वेगळा, प्रश्नपत्रिका वेगळी, तपासणारे वेगळे, आणि भाषेच्या गुणांचे वजनही वेगळे, हे सारे त्या एका टक्केवारीत बुडून जाते. दोघांच्याही आया-बापांना हे ठाऊक असते.

खेळांच्या सरासरीतही असेच बरेच काही बुडते. पाचांपैकी तीन तारे देणाऱ्याच्या मनात 'खेळ चांगला आहे, पण सर्वांसाठी नव्हे' असा अभिप्राय असतो. त्याचे शंभरांच्या मापात साठ होतात. मेटाक्रिटिकवर खेळाला ७५ किंवा त्याहून अधिक गुण असले तरच हिरवा रंग मिळतो. ५० ते ७४ ला पिवळा आणि त्याखाली तांबडा. म्हणजे परीक्षकाने दिलेली शाबासकी ग्राहकापुढे येताना पिवळ्या रंगाचा इशारा होऊन येते. शिवाय ही सरासरी सरळ नसते. काही परीक्षणांना अधिक वजन दिले जाते आणि कोणत्या परीक्षणाला किती, हे ते संकेतस्थळ उघड करीत नाही. दहांपैकी गुण देणारे बहुतेक परीक्षकही प्रत्यक्षात सात, आठ आणि नऊ ह्याच आकड्यांत वावरतात. त्यामुळे पाच म्हणजे 'मध्यम' असे न राहता 'टाकाऊ' असा अर्थ होऊन बसला आहे. माप दहांचे असले, तरी वापर तिघांचाच!

आता विश्वासार्हतेचा प्रश्न. परीक्षक पैसे घेऊन गुण वाटतात, असा आरोप नेहमी ऐकू येतो. त्या आरोपाला बळ देणारा एक प्रसंग २००७ साली अमेरिकेत घडला. 'गेमस्पॉट' ह्या संकेतस्थळाचे संपादक जेफ गर्स्टमन ह्यांनी 'केन अँड लिंच : डेड मेन' ह्या खेळाला दहांपैकी सहा गुण दिले. त्याच सुमारास त्याच खेळाच्या भल्यामोठ्या जाहिराती त्या संकेतस्थळावर झळकत होत्या. थोड्याच दिवसांत गर्स्टमन ह्यांना कामावरून काढण्यात आले. आपल्या जाण्यामागे जाहिरातदारांच्या नाराजीचा संबंध होता हे त्यांनी पुढे २०१२ साली उघडपणे सांगितले. ह्या प्रसंगाचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे. येथे परीक्षक विकला गेला नव्हता. उलट त्याने आपले मत बदलले नाही म्हणून त्याला नोकरी गमवावी लागली. दोष परीक्षकाच्या प्रामाणिकपणात नव्हता. ज्याच्या मालाची पारख करावयाची, त्याच्याच जाहिरातीवर पोट चालवावयाचे, ह्या व्यवस्थेत तो होता.

लाच नसतानाही गुण कसे फसवे ठरतात, ह्याचे उदाहरण २०२० सालचे आहे. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड ह्या कंपनीचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजी विक्रीस आला. तत्पूर्वी परीक्षकांना संगणकावर चालणाऱ्या प्रती तेवढ्या देण्यात आल्या होत्या. बलवान संगणकांवर खेळ उत्तम चालला आणि गुणांची सरासरी नव्वदीच्या आसपास गेली. प्लेस्टेशन ४ सारख्या जुन्या यंत्रांवर मात्र तोच खेळ अडखळू लागला, मध्येच बंद पडू लागला. १८ डिसेंबरला सोनी कंपनीने तो आपल्या प्लेस्टेशनच्या दुकानातून काढून घेतला. तो परत आला जून २०२१ मध्ये. परीक्षकांनी खोटे काही लिहिले नव्हते. त्यांनी पाहिलेला खेळ आणि घराघरांत पोहोचलेला खेळ हे दोन वेगळे होते, एवढेच. पुढे कंपनीने दुरुस्त्या केल्या, आणि २०२३ पर्यंत खेळाचे रूप बरेच पालटले. पण पहिल्या आठवड्यात दिलेले गुण त्या दुरुस्त्यांमागून धावत नाहीत. पुस्तक एकदा छापले की छापले. आजचा खेळ प्रकाशनानंतरही घडत राहतो, आणि त्याचे गुण मात्र जन्मदिवशीच गोठून जातात.

मग परीक्षकांना बाजूला सारून सामान्य खेळणाऱ्यांचे मत घ्यावे, असे कोणी म्हणेल. त्याचाही अनुभव त्याच वर्षी आला. जून २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस' ह्या खेळाचा दुसरा भाग प्रसिद्ध झाला. तो पुरा खेळावयास वीस तासांहून अधिक वेळ लागतो. असे असता विक्री सुरू झाल्यापासून काही तासांतच हजारो लोकांनी त्याला शून्य गुण देऊन टाकले. परीक्षकांची सरासरी नव्वदीच्या पुढे, आणि लोकांची दहांपैकी तीन-चारच्या घरात. कथेतील काही गोष्टी न रुचल्याचा तो संघटित राग होता. अखेर जुलै २०२० मध्ये मेटाक्रिटिकला नियम करावा लागला, की खेळ प्रसिद्ध झाल्यापासून ३६ तास लोटेपर्यंत सामान्य खेळणाऱ्यांनी गुण देऊ नयेत. संख्या मोठी झाली म्हणजे न्याय होतोच असे नाही. पुष्कळदा नुसता गलका होतो.

एवढे सारे पाहिल्यावर, ह्या गुणांमुळे खरोखरीच काही फरक पडतो काय, ह्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळणे बरे. ग्राहकापुरते बोलावयाचे, तर समजले जाते त्याहून तो कमीच पडतो. सायबरपंकच्या सुमारे ८० लाख प्रतींची मागणी प्रकाशनापूर्वीच नोंदविली गेली होती. कोणाचाही गुण हाती येण्यापूर्वी एवढ्या लोकांनी पैसे मोजले होते! आपल्याकडे पब्जीचे वेड गावोगाव पसरले ते कोणाची परीक्षणे वाचून नव्हे. गल्लीतील मित्र खेळत होते म्हणून. 'अमंग अस' हा छोटासा खेळ २०१८ साली आला तेव्हा कोणी त्याची फारशी दखल घेतली नाही. २०२० साली इतरांना तो खेळताना पाहून कोट्यवधी लोक त्याच्याकडे वळले. खेळ तोच होता.

परंतु दुसऱ्या एका वर्गाला ह्या गुणांमुळे फार मोठा फरक पडतो. तो वर्ग म्हणजे खेळ तयार करणारे कारागीर. ऑक्टोबर २०१० मध्ये 'फॉलआउट : न्यू व्हेगास' हा खेळ प्रसिद्ध झाला. तो घडविला होता ओब्सिडियन ह्या अमेरिकन संस्थेने आणि प्रकाशक होती बेथेस्डा. ओब्सिडियनमधील ख्रिस अॅव्हेलोन ह्यांनी २०१२ साली जाहीरपणे सांगितले, की त्यांच्या संस्थेला विक्रीतील वाटा मिळावयाचा नव्हता. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तर बोनस, असा करार होता. खेळाला गुण पडले ८४. एका गुणाने बोनस हुकला. वेगवेगळ्या देशांतील, वेगवेगळ्या मापांची, उघड न केलेल्या वजनांनी जुळविलेली ती सरासरी. तिच्यातील एका गुणाला काय अर्थ असणार? तरीसुद्धा त्या एका गुणावर माणसांच्या कमाईचा निकाल लागला.

खासबागेतील विणकराला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. त्याची मजुरी नगावर असते. साडी पुरी झाली की व्यापारी ती उलगडून उजेडात धरतो, कोठे धागा तुटलेला दिसतो, कोठे पट्टा उमटलेला दिसतो, आणि मजुरीतून काही रक्कम कापली जाते. विणकराला ते कडू लागते. तथापि व्यापारी तुटलेल्या धाग्यावर बोट ठेवतो तेव्हा निदान दोष समोर दिसतो, त्यावर बोलता येते, भांडताही येते. ८४ ह्या आकड्यावर बोट कोठे ठेवावयाचे? त्याच्याशी भांडावयाचे कसे? कारण सांगणारा परीक्षक कठोर असला तरी परवडतो; नुसता आकडा तेवढा परवडत नाही.

ह्या संदर्भात पुण्यातील एका खेळाची हकीकत ध्यानात घेण्यासारखी आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या पुण्याच्या छोट्या संस्थेने 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ घडविला. २०१७ साली लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. पण मंडळींनी काम सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डोच्या स्विच ह्या यंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर प्रसिद्ध झाला. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळातली एक मुलगी. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू नावाच्या धाकट्या भावाचा ती शोध घेते, आणि दुर्गा व विष्णू ह्यांच्या संवादांतून तिची कथा उलगडत जाते. राजस्थानी वाड्यांची आठवण करून देणाऱ्या वास्तू, भिंतींवरील चित्रे, कथेसाठी वापरलेली छायाबाहुल्यांची रीत, ह्यांची परदेशी परीक्षकांनी मनापासून वाखाणणी केली. त्याच परीक्षकांनी हेही सांगितले, की लढाईचा भाग काही ठिकाणी बोजड आहे, खेळ आटोपता आहे आणि शेवट अकस्मात् होतो. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' ह्या सोहळ्यात पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट खेळासाठी त्याचे नामांकन झाले.

आता ह्या खेळाला एकच आकडा द्यावयाचा तर कोणता? चित्रांसाठी नऊ आणि लढाईसाठी सहा धरून मध्ये साडेसात लिहिले, तर तो साडेसात ह्यांतील कशाचेच वर्णन करीत नाही. लढाईची हौस असलेल्या मुलाला तो फसवील, आणि चित्रांवर लुब्ध होणाऱ्या मुलीला परतवून लावील. शिवाय दुर्गेचे नाव प्रथमच ऐकणाऱ्या परदेशी परीक्षकाला जे अपूर्व वाटते, ते खासबागेतील मुलाला घरचे वाटेल. घरचे म्हणून ते त्याला अधिक प्रिय होईल, किंवा त्यातील उणिवा त्याच्या आधी ध्यानात येतील. परीक्षणातील चार वाक्ये हे सारे सांगू शकतात. आकड्याला ते सांगता येत नाही. घडविणाऱ्यालाही उपयोग होतो तो ह्या वाक्यांचाच. लढाई बोजड झाली असे कोणी सांगितले तर ती सुधारता येते. साडेसात मिळाले ह्यावरून काय सुधारावे ते कळत नाही.

म्हणून गुण देण्याची पद्धतच बंद करावी काय? हाही प्रयोग होऊन गेला आहे. इंग्लंडमधील 'युरोगेमर' ह्या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दहांपैकी गुण देणे सोडले आणि 'अवश्य घ्या', 'शिफारस' किंवा 'टाळा' अशा शब्दांत निर्णय देण्यास आरंभ केला. २०२३ साली त्यांनी पाच ताऱ्यांची पद्धत स्वीकारली. घाईत असलेल्या वाचकाला एका दृष्टिक्षेपात कळणारे काहीतरी हवे असते, आणि त्यात गैर असे काही नाही. बाजारात वांगी घेतानाही आपण आधी भाव विचारतो आणि मग टोपलीत हात घालतो. मात्र भाव ऐकूनच वांगी पिशवीत टाकणारा माणूस शहाणा म्हणवत नाही.

टोपलीत हात घालावयाचा तो असा. सरासरीचा आकडा पाहून झाला की निदान तीन परीक्षणे वाचावीत. एक अधिक गुण देणारे, एक मध्यम आणि एक कमी गुण देणारे. कमी गुण देणाऱ्याची तक्रार आपल्याला लागू पडत नसेल, तर खेळ आपल्यासाठी आहे. परीक्षकाने तो कोणत्या यंत्रावर खेळला हे पाहावे. आपल्या घरी आहे तेच यंत्र ते असले पाहिजे. प्रकाशनानंतर दोन-तीन आठवडे थांबण्याने काहीच बिघडत नाही. बहुधा तोवर दोष उघड होतात. संगणकावरील खेळांसाठी 'स्टीम' नावाचे दुकान आहे. तेथे ज्याने खेळ घेतला त्यालाच मत देता येते आणि तो किती तास खेळला हेही दिसते. मात्र तेथील ९० टक्के म्हणजे शंभरांपैकी ९० गुण नव्हेत. शंभरांपैकी ९० जणांनी 'घेण्याजोगा आहे' असे म्हटले, एवढाच त्याचा अर्थ. त्याच दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी वेळ खेळला असेल, तर पैसे परत मागण्याची सोय आहे. ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत त्याला ही सोय कोणत्याही आकड्याहून अधिक उपयोगाची आहे.

आणखी एक गोष्ट आईबापांनी विसरू नये. गुण खेळाच्या गुणवत्तेविषयी असतात. तो कोणत्या वयासाठी योग्य आहे, ह्याविषयी नसतात. २०१३ साली आलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या पाचव्या भागाला मेटाक्रिटिकवर ९७ गुण आहेत. युरोपात त्याच खेळाच्या वेष्टनावर १८ हा आकडा छापलेला असतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी तो नव्हे, असा त्याचा अर्थ. मुलगा ९७ सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. १८ हा आकडा मात्र वडिलांनी स्वतः पाहावयाचा असतो.

सारांश, हे गुण सर्वस्वी खोटे नव्हेत. पण ते एकट्याने उभे राहण्याइतके बळकटही नव्हेत. त्यांच्या पाठीशी नाव असलेला परीक्षक आणि त्याने सांगितलेली कारणे असतील, तेवढीच त्यांची किंमत. ग्राहकाने त्यांना फार मानू नये आणि प्रकाशकांनी तर कारागिरांचा मोबदला त्यांच्यावर मुळीच टांगू नये. खासबागेतील वडिलांनी मागावरून विचारलेला प्रश्न त्या मुलाने मनावर घ्यावा. आज रात्री गुण देणाऱ्यांपैकी तिघांची नावे शोधावीत, त्यांनी काय लिहिले ते वाचावे, आणि उद्या वडिलांना ते मराठीत समजावून सांगावे. वडील खेळ घेऊन देतील की नाही हे सांगता येत नाही. पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळालेले असेल.